छपरावरचं लाल ठिगळ

"गुस्टाव, मेलास की काय वर?" शिडीच्या पायथ्याशी उभी राहून विल्मा ओरडली.

"मेलो तर सूप उरेल तुला!" माळ्यावरून उत्तर आलं.

ओरावा खोऱ्यातली घरं उबदार करण्यात गुस्टावचं उभं आयुष्य गेलं होतं. बायको गेल्यापासून त्याचं स्वतःचं घर तेवढं गारठलेलं होतं; त्यावर कुठल्याच कंपनीचा माल लागू पडत नाही. निवृत्तीनंतरचं हे एकच काम त्याने घेतलं होतं, समोरच्या विल्माचं. भिंती झाल्या होत्या. आज त्याने माळ्यावरचा जुना भुसा उपसला, तुळयांमध्ये ऊब अडवणारी काचलोकर दाबून बसवली आणि अंग खाजवत तो खाली उतरला.

विल्माने कोबीचं सूप पुढे ठेवलं. "आता छप्पर पांढरंच राहणार म्हणे?"

"राहणारच. ऊब वर गेलीच नाही, तर बर्फ वितळेल कशाने?"

"मग मी उठले हे तुला कळणार कसं?"

गुस्टावचा चमचा थांबला. हिवाळ्यात रोज सकाळी दाढी करताना तो तिच्या छपराकडे बघायचा. तिने शेगडी पेटवली की स्वयंपाकघरावरचा बर्फ वितळून कौलांचं लाल ठिगळ उघडं पडायचं. मग तो निवांत गाल खरवडायचा. हे तिला ठाऊक असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"दार वाजवीन," तो म्हणाला.

"तू? माझा नवरा गेला तेव्हा कुंपणापलीकडूनच टोपी काढलीस, मेल्या."

"वाजवीन म्हटलं ना!"

बर्फ पडला. छप्पर पांढरंशुभ्र राहिलं. गुस्टावने गुत्त्यातल्या सगळ्यांना ते खिडकीतून दाखवलं. काही दिवस त्याने दारही वाजवलं. कधी मीठ मागायला, कधी पाना. मग निमित्तं संपली. जिवंत आहेस का, हे एखाद्या बाईला रोज सकाळी विचारायचं तरी कसं? धुराचाही भरवसा उरला नव्हता. घर इतकी ऊब धरून ठेवी, की विल्मा शेगडी दिवसाआड पेटवायची आणि लाकडं वाचली म्हणून कुंपणावरून त्यालाच शाबासकी द्यायची.

जानेवारीतल्या एका सकाळी छप्पर पांढरं होतं. काम चोख झालंय, असं म्हणून गुस्टावने दाढी उरकली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी टपालवाल्या दारिनाने त्याला हाक मारून नेलं. विल्मा शेगडीपाशी खुर्चीत होती, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. राख गार पडली होती.

"परवाच गेल्या असाव्यात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी भिंतीला हात लावला. "घर अजून कोमट आहे, कमाल आहे. काम कुणी केलं?"

गुस्टावने टोपी काढली. या वेळी तो घरात उभा होता.

माती झाल्यावर तो स्वतःच्या माळ्यावर चढला. स्वयंपाकघरावरची काचलोकर त्याने काढून टाकली. पुढच्या बर्फानंतर दारिना फाटकाशी थबकली.

"गुस्टावकाका, तुमचं छप्पर वितळतंय की! माल कमी पडला?"

"नाही गं. पुरून उरला."

ती गेली. त्याच्या छपरावरचं लाल ठिगळ विल्माच्या खिडकीतून अगदी समोर दिसलं असतं.