परभणीचा आपटा

ऐन दसऱ्याला आमच्या काचीगुड्याच्या अंगणातला आपटा गुलाबी फुलांनी भरला आणि माझं डोकंच चालेना. तळहाताएवढी फुलं. इतक्या वर्षांत या झाडाला कधी एक फूल आलं नव्हतं. संध्याकाळी लोक सोनं घ्यायला येणार होते.

माझी सून रेणू पुण्याची. शिकली वनस्पतिशास्त्र, नोकरी करते कॉम्प्युटरची. तिने एक पान तोडून हातावर पसरलं.

"आई, हा आपटा नाही, कांचन आहे. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद असतं. हे उलटं आहे, खाचही खोल आहे. आणि आपट्याची फुलं बारीक, पांढरट, तीही उन्हाळ्यात येतात."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "हे रोप मी लग्नानंतर परभणीहून आणलंय, माझ्या वडिलांच्या दारच्या आपट्याखालून. रेल्वेत मांडीवर घेऊन बसले होते."

तिने वाद न घालता पान माझ्या हातात दिलं, ते मला जास्त लागलं. चष्मा लावून मी पान पुन्हा पाहिलं. लांबच होतं. आता आपट्याचं रोप वाढून कांचन कसं होईल? वडिलांच्या दारी तर उन्हाळ्यात बारीक पांढऱ्या फुलांचा सडा आम्ही पोरीच झाडायचो. हे मला आजवर आठवू नये? स्वतःचाच राग आला.

"याला कळ्यासुद्धा कधी आल्या नाहीत?" रेणूने विचारलं.

"यायच्या. पण कीड लागलीय म्हणून हे छाटून टाकायचे. दरवर्षी दसऱ्याआधी, स्टुलावर चढून. गेल्या वर्षी हे गेले, घरात सण नव्हता, मी लेकीकडे होते. यंदा कुणी छाटलंच नाही."

बोलता बोलता मी थांबले. ती कीड मी कधी पाहिली नव्हती.

रोप लावलं त्याच उन्हाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. परतले तर रोप हिरवंगार. "बघ, जपलंय तुझं झाड," हे म्हणाले होते. या माणसाला तुळशीला पाणी घालायचीही आठवण राहत नसे. वाळलं असणार माझं रोप. मग कुठल्याशा नर्सरीतून तसंच दिसणारं दुसरं आणून लावलं, आणि मला कळू नये म्हणून जन्मभर कळ्या खुडत बसले. खोटारडे कुठले. मला रडू येत होतं की हसू, तेही समजेना.

"बाजारातून खरी पानं आणू का, आई?" रेणूने हळूच विचारलं. मी ताट घेतलं आणि याच झाडाची पानंफुलं खुडू लागले.

संध्याकाळी शेजारचे एकनाथराव आले. यांचे जुने मित्र.

"बसायला नक्को वहिनी, अजून चार घरं व्हायचीत. द्या सोनं, तुमच्या वडिलांच्या झाडाचं."

दरवर्षी मीच तसं सांगून पान हातावर ठेवत आले होते. मी ताटातलं पान उचललं, त्यावर एक गुलाबी फूल ठेवलं.

"वडिलांचं नाही, भावजी," मी म्हटलं. "यांचं आहे."