टीव्हीच्या पाठीवरचा हात

कुमार कादंबरीच्या बक्षिसासाठी आलेलं हस्तलिखित वाचता वाचता परीक्षक ग्रंथपालबाईंचा चहा गार झाला. लेखकांची नावं झाकलेली होती, तरी हे काम घरभेद्याचंच, असं त्यांनी तिसऱ्या पानावर ठरवून टाकलं. कथेतली आई कामावरून येते, चपला न काढताच टीव्हीच्या पाठीला हात लावते आणि पाठ गरम लागली की लेकीची उलटतपासणी घेते. ही आपली खोड जगात दुसऱ्या कोणाला असणार?

संशय आधी नणंदेवर गेला. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग नवऱ्यावर. तो घरात फारसा बोलत नाही, पण न बोलणारेच सगळं टिपून ठेवतात. बाई तोंड न पोळताच ताक फुंकून पिणाऱ्या! लेकीवर मात्र संशय गेला नाही. तिला साधा निबंध पुरा करता येत नाही, हे बाईंनीच चारचौघांत सांगितलेलं.

चीड वेगळीच होती. कादंबरी फक्कड होती, पहिलं बक्षीस तिचंच. पण लेखक परीक्षकाच्या नात्यातला निघाला की पुस्तक बाद.

कथेतली मुलगीही वस्ताद. आई यायच्या आधी ती टीव्हीच्या पाठीवर टेबलफॅन सोडते. इथवर वाचून बाईंनी हस्तलिखित पिशवीत कोंबलं आणि तडक घर गाठलं.

हात सवयीनं टीव्हीच्या पाठीवर गेला. गार! बाईंना हायसं वाटलं. मग टेबलफॅन दिसला. त्याचं तोंड टीव्हीकडे होतं आणि पाती अजून थांबायची होती.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कुठवर आलीस?"

"पंख्यापर्यंत." बाईंनी पिशवीतून हस्तलिखित बाहेर काढलं. "अगं, बाद होईल ना ती! नियम माहीत नव्हता?"

"होता."

"मग दुसऱ्या एखाद्या स्पर्धेला पाठवायचीस! हातचं बक्षीस घालवलंस."

"परीक्षकानं शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे, हाही नियम आहे. एरवी माझं बोलणं तू अर्ध्यावरच तोडतेस, आई."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. लाज वाटली, चांगलीच लाज वाटली. त्यांनी चपला काढल्या, पंखा स्वतःकडे वळवून घेतला आणि पुढचं पान उघडलं.