झाकणावर बसलेली आई

आमच्या आईला तळ्याकाठी बसायला खुर्ची कधी लागली नाही. ती बसायची बर्फाच्या पेटीवर. बाबा तंबूच्या खुंट्या ठोकायचे, मी वाळूत लोळायचे आणि आई झाकणावर ठाण मांडून बसायची. दूध, अंडी, सरबताच्या बाटल्या, सगळं तिच्या ताब्यात. काही हवं असेल तर आधी सांगायचं. मग ती उठणार, वस्तू काढणार आणि लगेच झाकण लावणार. "आधी नीट ठरव. उघडं ठेवून विचार करत बसू नकोस, गारवा जातोय." सरबत की कलिंगड, हे माझं कधी ठरायचं नाही आणि ती काही हलायची नाही.

बर्फही तिचाच असायचा. विकतचा चुरा तिला चालत नसे. बघता बघता त्याचं पाणी होतं, म्हणायची. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून ती बरेच दिवस आधी फ्रीझरमध्ये ठेवायची. डब्याचा एक कोपरा चेपलेला होता, त्यामुळे लादीही दरवर्षी त्याच कोपऱ्यात चेपलेली निघायची.

गेल्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री तंबू गाडीत भरून झाला होता, लादी तयार होती आणि आई गेली. झोपली ती उठलीच नाही. नंतर हळूहळू सगळं आवरलं. कपडे वाटून टाकले, चष्मा कपाटात गेला. फ्रीझरच्या तळाशी तो डबा मात्र तसाच राहिला. त्याला हात लावायचा मला धीरच झाला नाही.

यंदा निघताना बाबांनी डबा काढला, नळाखाली उलटा धरला आणि लादी पेटीत ठेवली. चेपलेला कोपरा मी लगेच ओळखला.

"बाबा! आईचा बर्फ आहे तो!"

"मग? लोणचं घालायचंय त्याचं?"

मी मुळातच तापट. तरातरा जाऊन गाडीत बसले आणि तोंड फुगवलं. बसल्या बसल्या एक युक्ती सुचली. वितळला तर वितळू दे. पाणी तर तिचंच ना, तिच्या हाताने भरलेलं! परत येताना ते सगळं डब्यात ओतायचं आणि पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायचं. मी धावत जाऊन रिकामा डबा घेऊन आले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

तळं तसंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पाण्यावर पसरून सगळं पांढुरकं झालं होतं, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. बाबा गळ टाकून बसले होते. नवरा तंबूच्या दोऱ्यांशी झटापट करत होता. आमचं लग्न यंदाचंच, त्यामुळे आईला त्याने फोटोतच पाहिलेलं. मी पेटीला पाठ टेकली. आत बर्फ बारीक आवाज करत होता. झाडाची सावली माझ्या पायांवरून सरकत होती. डोळा कधी लागला, कळलंच नाही.

आई पेटीवर बसली होती. तिचे पाय माझ्या खांद्याशी, ओल्या वाळूने माखलेले. तळं अगदी गप्प होतं. तंबू नव्हता, बाबाही नव्हते, नुसता पांढरा उजेड.

"सांग पटकन, काय हवंय?"

"काही नको. तू उठू नकोस."

"अगं, घसा कोरडा पडलाय तुझा."

"पडू दे. तू बसून राहा."

ती हसली. तिच्याबरोबर झाकणही हललं. "वेडे, मग एवढा बर्फ मी कशासाठी केला?"

आणि ती उठायला लागली. मी तिचा हात धरला. हात गारठलेला होता, ओला होता, आणि बोटांतून निसटत होता.

जाग आली तेव्हा माझा हात ओल्या वाळूत होता. पेटीतून बुडबुड करत पाणी वाहत होतं. नवऱ्याने खालचं बूच काढलं होतं.

"अरे, काय केलंस हे!"

"पाणी काढलं. अंड्यांचा खोका तरंगत होता, पाव भिजला असता."

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा? आमच्याकडे पेटीतलं पाणी कधी काढत नाहीत! त्या पाण्यातच बाटल्या गार राहतात! आणि ते पाणी..."

मी पिशवीतून रिकामा डबा काढून त्याच्यापुढे धरला आणि हमसून हमसून रडले. घटाघट प्यायल्यासारखं वाळूने सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो वेडा खाली बसला आणि ओंजळीने ओली वाळू डब्यात भरायला लागला.

बाबा गळ तसाच सोडून आले. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या जावईबापू. वाळू इथेच बरी."

त्यांनी झाकण उघडलं. तळाशी मुठीएवढा तुकडा उरला होता. चेपलेला कोपरा कधीच गेला होता.

"बाबा, हा तरी घरी नेऊ या. टॉवेलात गुंडाळून..."

"नाही टिकणार, बाळा." ते खाली बसले. "वर्षभर मी फ्रीझर उघडायचो, डबा बघायचो आणि बंद करायचो. आता नाही होत माझ्याच्याने. तिने हा आपल्याला प्यायला केला होता गं." त्यांनी ग्लास मांडले. "सांग लवकर. काय हवंय?"

मी डोळे पुसले. "सरबत."

त्यांनी दगडाने तुकडा फोडला आणि तीन ग्लासांत वाटला. मी माझा बर्फ दातांत धरला. दात शिवशिवले, तरी सोडला नाही. मग तोही गेला. सरबत थंडगार होतं आणि खरं सांगते, फार छान लागलं.

पेटी उघडीच होती. "गारवा जातोय," बाबा सवयीने म्हणाले. जायला आत गारवा उरलाच नव्हता. तरी मी पटकन झाकण लावलं आणि वर बसले.

थोड्या वेळाने नवरा भीत भीत जवळ आला. "कलिंगड मिळेल का? की... नाहीतर दूधच दे."

"आधी नीट ठरव," मी म्हटलं. "मग उठते."