उजव्या कौलाचा मुलगा

लवू बुवाच्या मांगरासमोर सकाळपासून गाड्यांची रांग लागे. आंब्याच्या बागेतल्या त्या खोपटात एक काळा पाषाण होता, आणि घरातल्या कुठल्या पोराचं डोकं फिरणार ते म्हणे तो आधीच सांगे. जामसंड्यापासून आरोंद्यापर्यंतचे आईबाप वयात आलेली मुलं घेऊन येत. देवळात लावतात तसाच हा कौल. पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर पोर सुखरूप, डावी पडली तर वारं शिरणार.

धामापूरची किशोरी आपली दोन्ही मुलं घेऊन आली होती. नवरा गोव्यात नोकरीला. धाकटा दीर मंगेश विसाव्या वर्षी भ्रमिष्ट झाला आणि घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून तिचा जीव मुलांपाशी टांगलेला. रीतीप्रमाणे तिने आधी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. मंगेशचं सांगितलं, सर्वेशला बोटीवर नोकरी लागायची आहे ते सांगितलं, संचिता एकटीच बसून रडते तेही सांगितलं. बुवाने सगळं नीट ऐकून घेतलं.

मग त्याने डोळे मिटले, तेलाने निथळणाऱ्या जटांवरून हात फिरवला आणि पाषाणाला माया केल्यासारखं कुरवाळलं. “ह्यो झील सोन्याचो,” सर्वेशची उजवी पाकळी घसरताच तो म्हणाला, “ह्येका काय्येक होवचा नाय.” मग पाषाण पुसून त्याने पुन्हा जटांवरून आणि पाषाणावरून हात फिरवला, आणि संचिताची डावी पडली. “काकाचो वारो ह्या चेडवात शिरतलो. हिका घराभायर सोडू नको. दर अमाशेक उतारो करूक हय घेवन ये.”

बारावीतल्या संचिताचं कॉलेज सुटलं. मैत्रिणी येईनाशा झाल्या. खोलीत कोंडलेली मुलगी जेवेना, झोपेना, तेव्हा शेजारी माना डोलावत म्हणाले, बुवांचा शब्द खरा ठरला. सर्वेशही रात्र रात्र जागत होता. जेवणात कोणीतरी काहीतरी घालतं म्हणून ताट सरकवत होता.

“आये, दादा एकटोच भिंतीवांगडा बोलता. तेका डॉक्टराक दाखव,” संचिता म्हणाली.

“तेचो कौल उजवो आसा,” किशोरी म्हणाली. “तू तुझा बघ.”

एका सकाळी सर्वेश तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभा सापडला. आतून कोणीतरी हाक मारतंय, असं म्हणत होता. लोकांनी त्याला बाहेर काढलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मुलांशी बराच वेळ बोलून घेतलं. संचिताला आजार नव्हता, कोंडल्याचं दुःख होतं. सर्वेशचा आजार मात्र वर्षभर वाढत गेला होता.

“दोघांतलं कोण आजारी पडणार, हे तेव्हा तुम्ही सांगितलं असतं?” किशोरीने विचारलं.

“खात्रीने नाही,” त्या म्हणाल्या. “झोप उडणं, एकटं बसणं अशी सुरुवातीची लक्षणं असलेल्या बहुतेक मुलांना मोठा आजार होतही नाही. नेमका कोणाला होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तर आम्ही सगळ्यांवरच लक्ष ठेवतो. लवकर आणलं असतं, तर उपचार सोपे गेले असते.”

घरी आल्यावर किशोरीने संचिताला ओट्यावर जवळ बसवलं. मांगरात काय काय बघितलंस, ते तिने पहिल्यांदाच तिला विचारलं.

अमावस्येला ती संचिताला घेऊन मांगरात गेली. दर अमावस्येला पाषाणाशेजारी बसवलेल्या त्या मुलीने बुवाचा हात जवळून पाहिला होता. आज बुवा अडवायच्या आत तिने राख घेतली, पाषाण घासून पुसला आणि दोन्ही पाकळ्या चिकटवल्या. कितीतरी वेळ एकही हलली नाही. मग तिने आपल्या तेल लावलेल्या वेणीवरून हात फिरवला, पाषाणाच्या उजव्या बाजूला चोळला, आणि उजवी पाकळी पुन्हा लावली. ती लगेच घसरली.

“तेलार ओली पाकळी ऱ्हवणा नाय,” ती म्हणाली. “बुवा पयलो केसांक हात लावता, मगे पाषाणाक. जी पाडूची आसा, थयच हात फिरता. खंयची पाडूची ता आमीच गाऱ्हाण्यात सांगताव.”

“देवाची चेष्टा करता ही,” बुवा गुरगुरला. “वारो बोलता हिच्या तोंडातसून.”

रांगेतला एक म्हातारा हळूच म्हणाला, “पण कितीजणांचा खरा झाला ना?”

“कोंडून घातल्यार कोणय खुळा होतला,” संचिता म्हणाली. “झाला तर बुवाचो कौल खरो, नाय झाला तर बुवाचो उतारो लागू पडलो. हरतलो कसो तो?”

रांगेत पुढे एक बाई तरुण मुलाचा हात घट्ट धरून उभी होती. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. किशोरी तिच्यापाशी गेली.

“ह्येची झोप गेलीसा?”

बाईने मान डोलावली. “पण बुवांनी मागच्या खेपेक उजवो दिल्यानी.”

“माझो झीलय उजव्या कौलाचोच,” किशोरी म्हणाली. “आज तो माका वळखणा नाय. पोराक काय होता ता पोराक इचार गो, दगडाक नको. आणि ह्येका आजच दवाखान्यात घेवन जा.”

 मुलाचा हात धरून बाई रांगेतून बाहेर पडली.