तपासलं: ताई

"ताईंच्या नजरेतून, म्हणजे बोटातून, हे कसं सुटलं? त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मेलमधली शेवटची दोन वाक्यं तात्यांनी पुन्हा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर बायको चहा गाळत होती.

"काय झालं?"

"ओळीतलं शेवटचं अक्षर उमटत नाहीये."

"कसल्या ओळीतलं?"

"ताईच्या पट्टीवर. म्हणजे तसल्या पट्टीवर. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात एक बाई बोटांनी मुद्रितं तपासतात, त्यांनी कळवलंय." तात्या थांबले. "विचारतायत, ताईंच्या हातून सुटलं कसं म्हणून."

बायकोच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ताई गेली त्याला तीन-चार महिने होत आले होते.

तात्या एका सार्वजनिक वाचनालयातले संगणक सांभाळत. छापयंत्रात अडकलेला कागद काढणे आणि विसरलेले पासवर्ड बदलून देणे यात त्यांचा दिवस जाई. ती झाली नोकरी. जीव मात्र भलतीकडेच गुंतला होता. संगणकाच्या अगदी मुळाशी कर्नल नावाचा एक कारभारी असतो. यंत्राचं आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांचं बोलणं त्याच्यामार्फत चालतं. तात्यांचा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरची माणसं मेलवर भांडत-समजावत तो मिळून लिहीत. त्यातला एक इवलासा तुकडा, एका जुन्या ब्रेलपट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून ती पट्टी चालवून घेणारा प्रोग्राम, गेली कित्येक वर्षं तात्यांच्या अंगावर होता. छदामही मिळत नसे. लष्कराच्या भाकऱ्या, असं बायको म्हणे, आणि म्हणता म्हणता चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवून जाई.

ती पट्टी ताईची, तात्यांच्या थोरल्या बहिणीची. हातभर लांब, वर बारीक पिनांची रांग. पडद्यावर ओळ आली की पिना वर येतात आणि बोटांना ती वाचता येते. ताई जन्मांध. उभं आयुष्य तिने इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढलं आणि आवाजावरून माणसं ओळखली. हौसेने पट्टी घेतली, नव्या संगणकाला जोडली, तर ती ढिम्म.

"बाळ्या," ताई तेव्हा म्हणाली होती, "घरात एवढा संगणकवाला, आणि माझी पट्टी मुकी. कुणाला सांगायची सोय नाही." या एका टोमण्यातून तो ड्रायव्हर जन्माला आला.

मग रविवारचा परिपाठच पडला. तात्या ड्रायव्हरमध्ये काही बदलत, ताई पट्टीवर बोटं ठेवून बसे आणि तात्या काहीतरी टाइप करत. नियम ताईचा होता: मजकूर आधी सांगायचा नाही. "मला माहीत असलेलं लिहिलंस तर पिना नसल्या तरी बोटं वाचतील. लबाड असतात बोटं." डोळ्यांनी केलेली तपासणी तिला मुळीच चालत नसे. अर्धवट वर आलेली पीन डोळ्याला पुरी दिसते, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

आता दर रविवारी नवं लिहायचं तरी काय? तात्या मुळात घुमे. पण बोटांखाली लिहायचं म्हटलं की त्यांना कंठ फुटे. वरिष्ठांशी उडालेला खटका, बायकोशी धरलेला अबोला, मूल न झाल्याची सल, तोंडाने कधी न बोललेलं सगळं त्यांनी त्या पट्टीवर लिहिलं. ताई बोट फिरवी, कधी हसे, कधी नुसतीच बसे, आणि सगळं नीट उमटलं असेल तर एवढंच म्हणे, "अक्षरं सगळी बरोबर."

शेवटची तपासणी इस्पितळातल्या खाटेवर झाली. डॉक्टर तात्यांशी दाराबाहेर बोलून गेले होते. तात्या आत आले, पट्टी तिच्या मांडीवर ठेवली आणि टाइप केलं: रिपोर्ट चांगला आलाय. ताईने ओळीवरून बोटं नेली, परत आणली.

"अक्षरं सगळी बरोबर," ती म्हणाली. "मजकुराची जबाबदारी माझ्यावर नाही."

ती गेल्यावर बायकोने पट्टी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. तात्यांनी त्या कपाटाला हात लावला नाही.

आणि नेमकी तेव्हाच मुकादमाची मेल आली. मुकादम हे तात्यांनी ठेवलेलं नाव. अशा सगळ्या ड्रायव्हरांवर देखरेख करणारा तो दूरदेशीचा गृहस्थ, खरं तर सज्जन, पण कामात कडक. त्याने लिहिलं होतं की जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर नव्या पद्धतीने लिहून द्यावेत, आणि ज्यांना प्रत्यक्ष यंत्रावर तपासणारं माणूस नाही ते पुढच्या आवृत्तीतून काढले जातील. तात्यांनी बदल केला. कपाट उघडवेना, म्हणून न तपासताच पाठवून दिला. सोपा तर होता.

या लोकांची एक रीत आहे. प्रत्येक बदलाच्या तळाशी तो कुणी लिहिला आणि कुणी तपासला, याची ओळ असते. गिट नावाची व्यवस्था ते सगळं जपून ठेवते, आणि एकदा कर्नलच्या मुख्य साठ्यात गेलेली नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर वेळी तेच नाव टाइप करायचा कंटाळा, म्हणून तात्यांनी फार पूर्वी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली होती. बदल नोंदवला की ती आपणहून खाली लिही, "तपासलं: ताई". ती इतकी अंगवळणी पडली होती की याही वेळी तिने इमानेइतबारे आपलं काम केलं आणि तात्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मुकादमाने ओळ पाहून बदल स्वीकारला. वर लिहिलं, ताईंनी तपासलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

"मग आता?" बायकोने विचारलं.

"दुरुस्ती सोपी आहे. पट्टीवरची अक्षरांची घरं मोजताना मी एक कमी धरलंय. पाच मिनिटांचं काम."

"आणि खाली नाव?"

तात्यांनी चष्मा उचलून पुसायला घेतला.

"अहो, नाव कुणाचं घालणार?"

"खरं सांगितलं तर ड्रायव्हर जाईल. त्या बाईंच्या छापखान्यात सगळ्या जुन्याच पट्ट्या आहेत. त्यांनी काम कसं करायचं?" तात्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एकदाच. एवढ्या वेळेपुरतं तिचं नाव राहू दे."

"ताईंना आता तरी आराम करू द्या की," बायको म्हणाली. "आणि खोटी ओळ त्यांच्या नावावर? बोटाला लागल्याशिवाय त्यांनी कधी एक अक्षर बरोबर म्हटलं नाही."

चहा निवून गेला. तात्या उठले, कपाट उघडलं आणि टॉवेल सोडला. पिनांच्या रांगेवर मधल्या भागाला, जिथे ताईची बोटं सर्वांत जास्त फिरत, प्लॅस्टिक गुळगुळीत झालं होतं. त्यांनी पट्टी जोडली. बाईंची तक्रार खरी होती. शेवटचं घर सपाट. दुरुस्ती केल्यावर तिथल्या पिना वर आल्या. पण त्या डोळ्याला दिसल्या होत्या, आणि डोळ्याची साक्ष या घरात चालत नव्हती.

मग त्यांनी सगळ्यांना जाणाऱ्या यादीवर मेल लिहिली. ताई आता नाहीत. मागच्या बदलाखाली त्यांचं नाव आहे, पण तो त्यांनी तपासलेला नाही; तो कुणीच तपासलेला नाही. चूक माझी. दुरुस्ती सोबत जोडतो आहे, तीही बोटांनी तपासलेली नाही. नियमाप्रमाणे काय करायचं ते करावं. पाठवायचं बटण दाबताना त्यांना रडू आलं, आणि बायको शेजारीच असल्याने त्यांनी ते लपवलं नाही.

मुकादमाचं उत्तर दुपारी आलं. ताईंबद्दल त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या, मनापासून लिहिलेल्या. पुढे होतं: "त्यांचंच नाव पाहून मी डोळे झाकून बदल घेतला. म्हणूनच आता नियम मोडता येणार नाही. तपासणारं कुणी पुढे आलं नाही, तर ड्रायव्हर काढावा लागेल."

दोन दिवस यादीवर त्या विषयाला कुणी हात लावला नाही. तात्या वाचनालयात कागद ओढत राहिले. कुणी हाक मारली तर दुसऱ्यांदा मारल्यावर त्यांना ऐकू येई.

तिसऱ्या दिवशी छापखान्यातल्या बाईंची मेल आली. "मी तपासेन. पण आधी मला सांगा, ताई कसं तपासायच्या? त्यांचं नाव मी वर्षानुवर्षं वाचत आले. त्यांच्यापेक्षा ढिलं काम माझ्या हातून व्हायला नको."

तात्यांनी ताईचा नियम सविस्तर लिहून कळवला. मजकूर दुसऱ्याने लिहायचा, आधी सांगायचा नाही, लबाड बोटांवर विश्वास ठेवायचा नाही. सगळं नीट उमटलं तर ती काय म्हणायची, तेही लिहिलं.

बाईंचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. "आमच्या बांधणीवाल्याला टाइप करायला बसवलं. त्याने लिहिलं की गेल्या वर्षी माझी छत्री त्यानेच हरवली होती आणि इतके दिवस सांगायचा धीर झाला नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. छत्रीचं मी बघून घेईन. अक्षरं सगळी बरोबर."

तात्या हसले. हसता हसता त्यांनी ती मेल बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, आणि शेवटच्या तीन शब्दांशी त्यांना थांबावं लागलं.

दुरुस्ती गेली ती "तपासलं"च्या पुढे बाईंचं नाव घेऊन. मुकादमाने ती घेतली. ड्रायव्हर राहिला.

आता एकच काम उरलं होतं. तात्यांनी ती जुनी स्क्रिप्ट उघडली. त्यांच्या अशा बारीकसारीक स्क्रिप्टांचाही एक छोटा साठा होता, घरच्या संगणकावर, फक्त त्यांचा. तिथली नोंद कुणी बघायला येणार नव्हतं. त्यांनी ताईच्या नावाची ओळ निवडली. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि मग पुसली. गिटने रीतीप्रमाणे विचारलं, हा बदल कशासाठी? त्यांनी लिहिलं: एक ओळ कमी केली. आता याची गरज नाही.

नोंद झाली. खात्री करायला त्यांनी ती पुन्हा उघडली. पुसली होती ती साठ्यातली ओळ. रोज चालणारी स्क्रिप्टची प्रत जुनीच होती, ती बदलायची राहून गेली होती. तिने आपलं काम चोख केलं होतं.

एक ओळ कमी केली. आता याची गरज नाही.
तपासलं: ताई

"झालं का?" बायकोने आतून विचारलं.

"झालं," तात्या म्हणाले. ती नोंद त्यांनी तशीच राहू दिली, संगणक बंद केला आणि पट्टीवरची धूळ टॉवेलाने हलकेच पुसून घेतली.