सामाईक भिंत

गिटारवर ब्लूज स्केलची, म्हणजे ब्लूज संगीतातल्या सप्तकाची, पाच घरं असतात. घरं हा शब्द सरांचा. तेच सहा सूर गिटारच्या दांड्यावर पाच वेगवेगळ्या जागी धरायचे, एकापुढे एक, थेट वरपर्यंत. बाकी जग त्याला पोझिशन म्हणतं. आम्ही सरांना सुस्कारे सर म्हणतो. ते त्यांचं आडनाव नाही, सवय आहे. दिवसभर पार्सलच्या गोदामात खोकी उचलून ते संध्याकाळी शाळेच्या संगीतखोलीत येतात, खुर्चीत बसतात आणि सुस्कारा टाकतात. अगदी सुरात.

घरं पाठ करायची म्हटल्यावर मी मनात म्हटलं, हात्तिच्या! यात माझा हात कोण धरणार? आई नर्स. तिची बदली झाली की आमचं बिऱ्हाड पाठीवर. मी प्रत्येक पोझिशनला आमचं एकेक घर देऊन टाकलं. पहिलं सरळसोट, आगगाडीच्या डब्यासारखं. दुसऱ्याचा नळ ठिबकायचा. तिसऱ्याचं दार अडायचं. आणि ब्लूजच्या प्रत्येक घरात एक सूर जरा चुकल्यासारखा वाजतोच, त्यावर मुक्काम करायचा नाही, ओझरतं टेकून पुढे सरकायचं. तो माझा ठिबकता नळ.

पाचही घरं पाठ झाली. डोळे मिटून! फक्त एका घरातून दुसऱ्यात जाताना माझी बोटं उंबरठ्यावर अडायची.

"ए नवी, पत्ता हरवला का?" ड्रमवाली ओरडायची. तिला सगळे धडामधूम म्हणतात. मला नवी. मागच्या शाळेतही नवी, त्याआधीच्याही. नाव पाठ होईपर्यंत आम्ही निघालेलो असतो. शनिवारी शाळेच्या बँडची निवड होती, गिटारची जागा एकच, आणि अट साधी: ठेका चालू असताना पाचही घरं फिरून यायची. थांबली ती गेली. ती जागा मला हवीच होती. बँडमधल्या मुलीला कोण नवी म्हणतं?

"तू दर घराला कुलूप लावतेस, सामान बांधतेस, मग निघतेस," सर म्हणाले. "तोवर ठेका पुढच्या गल्लीत पोचतो."

"मग कसं निघायचं, सर?"

"निघायचंच नाही. शेजारी जातात तसं जायचं." सुस्कारा. "आज फार खोकी होती गं. डोकं चालत नाही. जा घरी."

मीही दमलेच होते. बोटांच्या टोकांना घट्टे, आणि डोक्यात रिकामी खोकी.

शुक्रवारी दुपारी आई रात्रपाळी करून झोपली होती. खिडकीला चादर, खोलीत अंधार. मी तारांखाली मोजा खुपसून बिनआवाजी वाजवत बसले होते. आई उठली, डोळे न उघडताच भिंत चाचपायला लागली. दिव्याचं बटण शोधत होती, मागच्या घरातलं. धप. धप धप.

पलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "काय हो सिस्टर, काही हवंय?"

"नाही हो, दिवा लावतेय!"

"कुणाच्या घरातला?"

मी हसून हसून गिटारवर आडवी! आईला हसायचंही त्राण नव्हतं. पलंगाच्या कडेवर बसून ती नुसती गदगदली. "काय करू गं, हाताला अजून जुनंच घर आठवतं," ती म्हणाली. "आणि भिंत तरी एकच ना. इकडून आपली, तिकडून त्यांची."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. पहिल्या घराचे शेवटचे सूर, त्याच तारा, दांड्यावरच्या त्याच पट्ट्या. आणि दुसऱ्या घराचे पहिले सूर... अगं बाई! तेच की! दोन घरांच्या मधे रस्ता आहे असं मी धरून चालले होते. रस्ता नव्हताच. करंगळी ज्या भिंतीला टेकली होती, तिथेच पहिलं बोट आणायचं, की मी शेजारी.

"आई, तू ग्रेट आहेस!"

"बरं. चहा टाक मग," म्हणून ती पुन्हा आडवी झाली.

शनिवारी धडामधूमने ठेका धरला. पहिलं घर, भिंत, दुसरं, भिंत, ठिबकता नळ, तिसरं, चौथं. कुलूप नाही, सामान नाही. पाचव्याच्या भिंतीपलीकडे हात गेला तर तिथे पुन्हा पहिलंच घर, तोच आगगाडीचा डबा, फक्त वरच्या पट्टीत! मी तिथेही शिरले. ठेका थांबला तेव्हा सरांचा सुस्कारा ऐकू आला. या वेळी जरा लांब.

"घ्या हिला," ते म्हणाले. "आणि मला घरी जाऊ द्या."

धडामधूम फळ्यावर नावं लिहायला गेली. ड्रम, गाणं, मग खडू थांबला. "गिटार... तुझं खरं नाव काय गं?"

मी दुखरी बोटं फुंकत तोंड उघडलं, तोवर खडू पुन्हा चालू झाला.

"जाऊ दे, नवीच लिहिते," ती म्हणाली. "आमची नवी."

फळ्यावर ते नाव पाहिलं आणि मी पुसायला गेले नाही.

घरी आई चपला न काढताच झोपली होती. सांगायचं तर होतं, पण तिला उठवणार कोण? मी भिंतीजवळ गेले आणि हळूच दोनदा थापटलं.

"काय हवंय?" काकू म्हणाल्या.

"काही नाही," मी कुजबुजले. "माझी निवड झाली."