देवाची भीती आम्हांला सोडत नाही

शर्मिष्ठाबाईंचं पत्र ईस्टरनंतर आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र अगदी छोटं होतं. "हिवाळे, फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, म्हणून लिहिते. तुम्ही एकटे, मी एकटी. आपण लग्न करावं असं मला वाटतं. प्रार्थना करून लिहिते आहे. तुम्हीही करा आणि काय ते स्पष्ट कळवा. नाही म्हणालात तरी पुस्तकं मागायला येईनच."

त्या मुलुंडच्या, निवृत्त नर्स, विधवा. मी अंधेरीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतला, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत बसलेला अविवाहित माणूस. दोन्ही मंडळ्यांच्या एकत्र सभांमध्ये ओळख झाली, पुस्तकांची देवाणघेवाण सुरू झाली. मला त्या आवडतात. हे लिहितानाही कान तापतात.

मग अडलं कुठे? आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत पाळक, म्हणजे आमचे पाद्री, दोघांची नावं मोठ्यानं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. या वयात माझं नाव वाचलं जाणार, मागच्या बाकावरची पोरं खुसखुसणार, या कल्पनेनंच मला घाम फुटे. प्रार्थनेला बसलो की दुसरी भीती. देव मला लहानपणापासून आमच्या हेडमास्तरांसारखा दिसत आलेला, हातात लाल पेन आणि नजर चुकीवर. त्याला विचारायला जावं तर तो म्हणणार, हिवाळे, तुमची लायकी काय? म्हणून मी विचारतच नसे.

ऑक्टोबरात आमचा कापणीचा सण आला. अंधेरीत कापणी कसली, पण दरवर्षी वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, ऊस, कुणाच्या गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी असं काय काय मांडतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करतात. आमचा सचिव जयवंत म्हणाला, "काका, यंदाची उपकारस्तुती तुम्ही लिहा ना. बोलायचं नाहीये, नुसतं लिहायचंय."

बोलायचं नाही म्हटल्यावर मी कबूल झालो. जयवंतने एकेक ओळ वाचायची आणि मंडळीनं दर वेळी एकच उत्तर द्यायचं, 'देवाची प्रीती आम्हांला सोडत नाही.' टाइप मीच केलं. उत्तराची ओळ एकदाच लिहिली आणि सगळीकडे तीच चिकटवली. तपासलंही मीच.

रविवारी जयवंत माइकवर वाचू लागला. "आजारात आणि आरोग्यात—"

मंडळीनं कागदात बघून आज्ञाधारकपणे उत्तर दिलं, "देवाची भीती आम्हांला सोडत नाही."

मला वाटलं, आपल्या कानांचा दोष.

"घरात आणि दारात—"

"देवाची भीती आम्हांला सोडत नाही."

कुणीतरी फसकन हसलं. मी कागद डोळ्यांजवळ नेला. वरपासून खालपर्यंत भीती, भीती, भीती.

"झोपेत आणि—" जयवंत थांबला. "अरे, एक मिनिट. हे काय वाचतोय आपण?"

सगळं चर्च हसत सुटलं. मी बाकाच्या कडेला सरकलो. दार फार लांब नव्हतं. पण शेजारी कमळताई होत्या. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून त्या मला ओळखतात. त्यांनी माझी बाही धरली.

"कुठे पळतोस, चंदर?"

"ताई, चूक माझी आहे."

"मग मला काय सांगतोस? त्यांना सांग." आणि कोपरानं ढोसून त्यांनी मला उभं केलं.

"ते... तिथे प्रीती पाहिजे," मी म्हणालो.

"काका, ऐकू येत नाही!" मागून पोरं ओरडली.

"प्रीती!" माझा आवाज एवढा मोठा असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. "देवाची प्रीती आम्हांला सोडत नाही!"

हसता हसताच सगळ्यांनी तेच परत म्हटलं, छपराला लागेल इतक्या मोठ्यानं. जयवंतने माइक माझ्याकडे पाठवला. उरलेल्या ओळी मी वाचल्या आणि दर वेळी उत्तर येत गेलं, मागच्या बाकावरून सगळ्यांत जोरात. नंतर मला कुणी माफबिफ केलं नाही, तशी गरजच कुणाला वाटली नव्हती. त्या गलक्यात उभं असताना मला कळलं, की ज्याला मी जन्मभर टाळत आलो त्याला माझ्या सगळ्या चुका आधीच ठाऊक आहेत, आणि तरी तो मला आपला म्हणतो. खाली बसावंसं वाटेना.

लिलावात कमळताईंनी भला मोठा भोपळा घेतला आणि माझ्या हातात दिला. रिक्षा बघता बघता मी विचारलं, "ताई, या वयात माझं नाव लग्नासाठी वाचलं, तर लोक हसतील?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मुलुंडची नर्स?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अख्ख्या मंडळीला माहीत आहे, मेल्या! तूच तेवढा राहिला होतास. हसतील की. आज हसले ना? मेलास का?"

"नाही."

"मग झालं तर. भोपळा नीट धर."

घरी येऊन मी प्रार्थनेला बसलो आणि जे विचारायचं टाळत होतो ते विचारलं. आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. पण विचारताना लाल पेन आठवलं नाही. मला हसूच येत होतं, आणि डोळ्यांत पाणी. मग लिहायला घेतलं.

"शर्मिष्ठाबाई, उशीर झाला. भीती वाटत होती. अजून थोडी वाटते, पण देवानं माझा हात धरलेला आहे हे आता कळलंय. माझी इच्छा आहे, मनापासून आहे. नावं वाचायला पाळकांना मी स्वतः सांगेन."

खाडाखोड बरीच झाली होती. स्वच्छ प्रत काढली नाही.

उजेड होता तोवर स्टेशनजवळच्या लाल पेटीपाशी गेलो. तिच्या शेजारी भेळवाला उभा असतो.

"काय काका, अजून पत्रं लिहिता?"

"माझ्या लग्नाचं आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

"काय सांगता! झकास!"

मी पाकीट आत सोडलं.